किडलेले दात, दोन केसपेपर आणि तेलाच्या गुळण्या : माझा पूर्ण अनुभव

ज्यांना सतत तोंड कोरडं पडायचा त्रास आहे आणि त्यामुळे दात किडायला लागलेत, किंवा ज्यांच्या घरी कुणी ना कुणी "तेलाच्या गुळण्या कर, कीड आपोआप जाते" असं रोज सांगतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मे २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मी एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात दातांची सगळी कामं करून घेतली, मधल्या काळात आयुर्वेद रुग्णालयातही दाखवलं आणि तेलाच्या गुळण्या चालू केल्या, त्या अजून चालू आहेत. आधी कुठल्या खिडकीवर जायचं, किती खर्च येतो, तेल कुठलं आणायचं, ते तोंडात किती वेळ ठेवायचं, हे मला सुरुवातीला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात मराठी शाळेत शिकवते. अर्धशिशीचा जुना त्रास आहे, त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये न्यूरॉलॉजिस्टनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू केली, रात्री एक २५ मिलिग्रॅमची गोळी. डोकं खरंच खूप बरं झालं, महिन्यातून सात-आठ वेळा अंधार करून पडायची ती एखाद-दुसऱ्या वेळेवर आले. पण तोंड कोरडं पडायला लागलं. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली, वर्गात दोन तास सलग बोललं की घसा सुकायचा आणि शब्दच अडकायचे. पर्समध्ये खडीसाखरेची डबी असायची, एक खडा तोंडात टाकला की बोलता यायचं. मार्च २०२४ मध्ये पेपर तपासत बसले असताना गार पाणी प्यायले आणि उजवीकडच्या खालच्या दाढेतून कळ निघाली ती थेट कानापर्यंत गेली.

घराजवळच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर चांगले होते, आरशात एकेक दात दाखवून समजावलं. एका दाढेचं रूट कॅनाल, त्यावर कॅप, आणि हिरडीच्या कडेला पाच ठिकाणी खड्डे पडलेत ते भरायचे. रूट कॅनालचे साडेसहा हजार, कॅपचे आठ, प्रत्येक फिलिंगचे बाराशे, म्हणजे साडेवीस हजार. पुण्यात तेव्हा हाच भाव होता, त्यांची चूक काही नाही, पण घराचा हप्ता आणि मुलाच्या शाळेची फी भरून माझ्याकडे तेवढे नव्हते. घरी आल्यावर फोन चालू झाले. साताऱ्याहून आई म्हणाली, "तुझी आजी ऐंशीव्या वर्षी ऊस सोलायची, रोज तिळाच्या तेलाची गुळणी करायची, तू पण धर." सासूबाई रत्नागिरीच्या, त्यांच्या मते खोबरेलासारखं दुसरं तेल नाही. आत्याने लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरायला सांगितला. सगळ्यांना माझी काळजी होती आणि प्रत्येकीच्या बोलण्यात काहीतरी तथ्य निघालं, ते कसं ते पुढे येईलच.

शाळेतल्या एका बाईंनी दंत महाविद्यालयाचं सुचवलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, सोमवारी ६ मेला गेले. पहिली टीप इथेच : साडेआठलाच पोचा. ओपीडी नऊला उघडते पण केसपेपरची रांग आधीच लागते आणि पैसे भरायची खिडकी पाऊणला बंद होते. त्यानंतर डॉक्टर असले तरी पावती नाही आणि पावतीशिवाय कुणी तोंडात हात घालत नाही. केसपेपरचे ५० रुपये, तो वर्षभर चालतो. आधारची झेरॉक्स लागली. चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, मी गोळ्यांची रिकामी पाकिटंच घेऊन गेले होते, त्याचा फार उपयोग झाला.

पहिल्यांदा सगळ्यांना ओरल मेडिसिन म्हणजे तोंडाच्या तपासणीच्या विभागात पाठवतात. तिथे इंटर्न मुलगी होती, आपल्या विद्यार्थ्यांएवढीच दिसणारी, तिने दोन पानी फॉर्म भरून घेतला. त्यात तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी असे वेगवेगळे रकाने होते आणि मिश्रीबद्दल ती बायकांना मुद्दाम परत विचारत होती, कारण मिश्री लावणं म्हणजे तंबाखू खाणं असं कितीतरी जणींना वाटतच नाही. माझ्या शेजारच्या मावशींचा गाल आतून पांढरा पडला होता. दाढ दुखते म्हणून रात्रभर लवंगेच्या तेलाचा बोळा धरलेला, तेल नुसतं, काही न मिसळता. दाढ थोडी बधिर झाली पण हिरडी आणि गाल भाजून निघाले. तेव्हाच आत्याला फोन करून सांगितलं की तो उपाय मी करत नाहीये.

मग ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ३०० रुपये. आणि एक तपासणी जी बाहेर कुणी केलीच नव्हती : लाळ मोजायची. खुर्चीत ताठ बसायचं, मान थोडी खाली, बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाच मिनिटं जी लाळ साठेल ती रेघा असलेल्या नळीत हळूच सोडायची. मी प्रयत्न करून करून सोडली तरी नळीच्या तळाशी जेमतेम ओल दिसत होती, अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. काही न चघळता मिनिटाला ०.१ मिलिलिटरच्या खाली लाळ असेल तर ती फार कमी धरतात, साधारण माणसाची त्याच्या तिप्पट-चौपट असते. ते ऐकून मला रडू आलं. वाईट वाटलं म्हणून नाही, तर इतके दिवस "पाणी पी गं जास्त" एवढंच ऐकत होते आणि आता त्याला एक आकडा मिळाला म्हणून.

त्या मुलीने केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं आणि इतकं छान समजावलं की मी ते नंतर सातवीच्या वर्गात वापरलं. तोंडातले जंतू, त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा मुख्य, साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातावरचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम-फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ येते, आम्ल धुते, कॅल्शियम-फॉस्फेट परत आणून देते, अर्ध्या-एक तासात दात पुन्हा सावरतो. माझ्याकडे सावरणारी लाळच नाही आणि वरून दर तासाला खडीसाखर, म्हणजे दात दिवसभर आम्लातच. म्हणून खड्डे चावायच्या भागावर नाहीत, हिरडीच्या कडेला आहेत, तिथे जंतूंचा चिकट थर साचतो आणि इनॅमल पातळ असतं. खडीसाखर त्याच दिवशी बंद केली, त्याऐवजी साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगम आणि घोट घोट पाणी.

मग मी तेलाचं विचारलं. विचारताना जरा धाकधूक होती की हसतील, पण प्राध्यापक मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि नीट उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : खड्डा पडून आत गेलेली कीड कुठल्याच तेलाने, कुठल्याच माउथवॉशने भरून येत नाही, ती कोरून काढून भरावीच लागते. तेलाच्या गुळण्यांवर अभ्यास झालेत, २००८ साली चेन्नईत किशोरवयीन मुलांवर तिळाच्या तेलाचा झाला त्यात म्यूटन्स जंतू कमी झालेले दिसले, पण मुलं होती वीसेक. असे बरेच अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत, थर कमी होतो, हिरडीची सूज कमी होते एवढं दिसतं, पण वर्षानुवर्षांत खड्डे कमी पडले असं पक्कं दाखवलेलं नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशन तर पुरेसा पुरावा नाही म्हणून तेलाच्या गुळण्यांची शिफारसच करत नाही. "पण तुमचं तोंड कोरडं आहे," मॅडम म्हणाल्या, "तेलाने ओलसर वाटेल, त्यासाठी करायला माझी हरकत नाही. फक्त ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट सोडायची नाही."

हे मला फार पटलं. कुणी तेलाला नावं ठेवली नाहीत आणि कुणी चमत्कारही सांगितला नाही.

रूट कॅनाल त्याच आठवड्यात चालू होणार होतं, पण १३ मेला पुण्यात लोकसभेचं मतदान, माझी निवडणूक ड्युटी आणि त्याआधी प्रशिक्षण, त्यामुळे तारीख १६ वर गेली. तोवर दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून दिलं. ते भरताना जो वास आला तो आपण सगळे "दातांच्या दवाखान्याचा वास" म्हणून ओळखतो, तो लवंगेचाच आहे. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून हे सिमेंट करतात, ते दाढेतली ठणक शांत करतं. म्हणजे आत्याची लवंग अगदीच चुकीची नव्हती, फक्त ती योग्य मापात आणि योग्य जागी हवी. आणखी एक गोष्ट कळली, युजेनॉल राहिलं तर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट फिलिंग नीट घट्ट होत नाही. त्यामुळे घरी दातात लवंगेचं तेल घातलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

रूट कॅनाल पीजी म्हणजे पदव्युत्तर शिक्षण करणाऱ्या डॉक्टरांनी केलं. इथे धीर लागतो. बाहेर पाऊण तासात होणारं काम इथे अडीच-तीन तास चालतं कारण प्रत्येक टप्प्यावर सरांना बोलवून दाखवतात, सरांची सही होते, मग पुढचा टप्पा. पण त्यातच मला भरवसा वाटला, कुणीतरी दुसरं माणूस दर वेळी तपासतंय. तोंडावर निळा रबरी पडदा लावतात, पहिल्यांदा गुदमरल्यासारखं वाटलं, नाकाने श्वास घ्यायचा आणि हात वर करायची खूण आधीच ठरवून ठेवायची. भुलीचं इंजेक्शन एवढंच काय ते दुखलं. सोबत उशी किंवा शाल न्या, एसीत तीन तास पाठ आखडते. आणि पोटभर खाऊन जा, नंतर भूल उतरेपर्यंत खाता येत नाही.

जूनमध्ये त्या डॉक्टरांची परीक्षा आली आणि माझी केस दुसऱ्यांकडे गेली. नवीन डॉक्टरांना सगळी फाइल परत वाचावी लागली, त्यात एक एक्स-रे सापडेना, दोन आठवडे गेले. म्हणून दुसरी टीप : प्रत्येक एक्स-रेचा आणि केसपेपरच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फोटो होता म्हणून परत एक्स-रे काढावा लागला नाही. १५ जूनला शाळा सुरू झाली, मग शनिवारच्याच तारखा घेतल्या. हिरडीच्या कडेचे पाच खड्डे ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटने भरले, प्रत्येकी २५० रुपये. ते कॉम्पोझिटइतकं सुंदर दिसत नाही, जरा मळकट पांढरं असतं, पण त्यातून थोडं थोडं फ्लोराइड सुटत राहतं आणि कोरड्या तोंडाला ते बरं, असं कारण दिलं. स्केलिंग म्हणजे दातांची सफाई २५०, रूट कॅनालचे सगळे मिळून १५००, ऑगस्टमध्ये कॅप २२००. फ्लोराइड वार्निश ३००, ते ब्रशने दातांना लावतात, चिकट पिवळसर असतं, त्या दिवशी कडक खायचं नाही आणि रात्री ब्रश करायचा नाही.

जुलैत, फिलिंग्ज झाल्यावर, आईचा शब्द राखायचा म्हणून आणि मलाही नीट शिकायचं होतं म्हणून आयुर्वेद रुग्णालयात गेले. तिथे दातांसाठी कुठे जायचं हेच आधी कळेना. खिडकीवर कायचिकित्सा (सर्वसाधारण आजारांचा विभाग) लिहून दिलं, तिथून शालाक्यला पाठवलं. डोळे, कान, नाक, घसा आणि तोंड, दात हे सगळं शालाक्यतंत्र विभागात येतं, तुम्ही थेट तेच सांगा म्हणजे अर्धा दिवस वाचेल. केसपेपर ३० रुपये. वैद्य बाईंनी जीभ पाहिली, पोट साफ होतं का विचारलं, झोप विचारली, गोळ्यांची पाकिटं बघितली आणि पहिला प्रश्न काय, तर "खड्डे भरून घेतलेत ना?" कृमिदंतात, म्हणजे किडलेल्या दातात, तेल धरून बसू नका, आधी दंतवैद्याकडे जा, असंच त्या सगळ्यांना सांगतात. मला फार हायसं वाटलं, दोन्हीकडून एकच सांगणं आलं.

त्यांनी पद्धत शिकवली. तोंड पूर्ण भरून, न हलवता तेल धरायचं ते गंडूष, आणि तोंडात खेळवता येईल इतकंच घ्यायचं तो कवल. ग्रंथांत दोन्ही दिलेत, चरकसंहितेत तर तेलाचा गंडूष धरल्याने दात दुखत नाहीत, आंबट खाऊन आंबत नाहीत, कडक पदार्थ चावता येतात असं म्हटलंय. रोजच्यासाठी मला कवल सांगितला. पहिले काही आठवडे इरिमेदादि तेल, ते तिळाच्याच तेलात इरिमेदाची साल, मंजिष्ठ, लोध्र, ज्येष्ठमध, लवंग वगैरे घालून सिद्ध केलेलं असतं, हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून. १०० मिलीची बाटली १८० रुपये. नंतर साधं लाकडी घाण्याचं तिळाचं तेल, तेव्हा लिटरला ४२०. दिवसाला दोन चमचे म्हटलं तर लिटर तीन महिने पुरतं, म्हणजे रोजचे चार-सव्वाचार रुपये.

आता प्रत्यक्ष कसं करते ते. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, दोन चहाचे चमचे तेल. हिवाळ्यात वाटी गरम पाण्यात ठेवून किंचित कोमट करते. खुर्चीत ताठ बसायचं, हनुवटी थोडी खाली, नाकाने श्वास. तेल पुढच्या दातांतून ओढायचं, एका गालातून दुसऱ्या गालात न्यायचं, जोर लावायचा नाही नाहीतर जबडा दुखतो. सुरुवातीला एक चमचा आणि तीन-चार मिनिटंच करा, लगेच पंधरा-वीस मिनिटांच्या मागे लागू नका. मला पहिल्या आठवड्यात उमासे यायचे, तेलाचा तो जडपणा जिभेच्या मुळाशी जाणवायचा. हळूहळू सवय झाली आणि आता दहा मिनिटं सहज होतात. तेवढ्यात मी डबे भरून घेते. आधी तेल घट्ट, पिवळं असतं, मग पातळ होत होत दुधासारखं पांढरं होतं. ते पांढरं म्हणजे शरीरातलं विष बाहेर आलं असं बरेच जण सांगतात. तसं काही नाही, तेल आणि लाळ घुसळली गेली की तसंच दिसतं. माझी लाळ कमी म्हणून मला पांढरं व्हायला जास्त वेळ लागायचा, आता लवकर होतं, त्यावरून मला उलट लाळेचा अंदाज येतो.

थुंकायचं ते जुन्या वर्तमानपत्रात, कचऱ्यात. बेसिनमध्ये अजिबात नाही, विशेषतः खोबरेल, थंडीत ते पाइपमध्ये गोठतं आणि मोरी तुंबते. नंतर कोमट पाण्याने खळखळून चूळ, मग ब्रश. गिळायचं नाही. सर्दीने नाक चोंदलं असेल त्या दिवशी करायचंच नाही, आणि हे मी फार मनापासून सांगतेय, कारण तेल चुकून श्वासनलिकेत गेलं तर त्याने न्यूमोनिया होतो, तशी प्रकरणं नोंदलेली आहेत. आडवं पडून करू नका, करताना बोलू-हसू नका. लहान मुलांना आणि ज्यांना गिळताना ठसका लागतो अशा म्हाताऱ्या माणसांना देऊ नका. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला "आई मला पण" म्हणून हवं असतं, मी देत नाही.

खोबरेलही करून पाहिलं, सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा महिनाभर. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, जंतूंवर त्याचा परिणाम होतो म्हणून त्याच्यावरही अभ्यास झालेत. चवीला तिळाच्या तेलापेक्षा हलकं, उमासे येणाऱ्यांनी त्यानेच सुरुवात करावी. मला दिवसभर ओलसर वाटायला तीळ जास्त बरा वाटला, पण हे ज्याचं त्याने बघावं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, कारण यात खूप जणांची गल्लत होते. तीळ, खोबरेल, मोहरी ही खायची तेलं, ती तोंड भरून घेता येतात. लवंग, ओवा, निलगिरी, पुदिना यांची तेलं वेगळी, ती अर्कासारखी उडून जाणारी आणि जहाल, थेंबाथेंबाने मोजायची. दुकानात मिळणाऱ्या लिस्टरिन या माउथवॉशमध्ये अशातलीच आहेत, ओव्यातला थायमॉल, निलगिरीतला युकॅलिप्टॉल, पुदिन्याचा मेन्थॉल आणि गंधपुरा तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट. पण किती, तर थायमॉल ०.०६४ टक्के. म्हणजे आपल्याकडच्या वनस्पतींचीच तेलं आहेत, फक्त इतकी पातळ. त्यांचा थरावर आणि हिरडीच्या सुजेवर उपयोग होतो याचा पुरावा तेलाच्या गुळण्यांपेक्षा बराच भक्कम आहे, हे मॅडमनी सांगितलं. ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत म्हणून जुन्या प्रकारात विसेक टक्के अल्कोहोल असतं, कोरड्या तोंडाला ते झोंबतं, मी अल्कोहोल नसलेलं आणलं. घरी कुणी कपभर पाण्यात निलगिरीचे थेंब टाकून चूळ भरत असेल तर तेल वर तरंगतं आणि सगळं एकाच जागी लागून भाजतं. मुलांच्या हाती या बाटल्या लागू देऊ नका, लवंगेचं किंवा निलगिरीचं तेल थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलाला धोका होतो.

क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक माउथवॉशही मला स्केलिंगनंतर दोन आठवडे दिलं होतं. ते जंतूंवर जबरदस्त आहे पण चव जाते, आमटी अळणी लागायची, आणि चहा पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग येतात. ते सांगितलेले दिवस संपले की बंद करायचं.

पेस्टचंही बघा. मी जी वनौषधींची पेस्ट वापरत होते तिच्यात फ्लोराइड नव्हतंच. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड चालतं, पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं, बारीक अक्षर आहे पण वाचा. रात्री ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे ते दातावर राहतं. तेल सकाळी आणि फ्लोराइड रात्री, अशी वाटणी मी करून टाकली. ज्यांच्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, यवतमाळ, चंद्रपूरकडचे काही भाग, त्यांनी मुलांच्या पेस्टबद्दल मात्र दंतवैद्याला विचारूनच ठरवावं.

सप्टेंबरमध्ये गणपती झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टकडे दंत महाविद्यालयाची चिठ्ठी घेऊन गेले. त्यांनी गोळी २५ वरून १० मिलिग्रॅमवर आणली, हळूहळू, दोन टप्प्यांत. डोकेदुखी थोडी वाढली पण झेपण्यासारखी. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, चिठ्ठी घेऊन जा, दोन डॉक्टरांनी एकमेकांचं लिहिलेलं वाचलं की काम सोपं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत फेरतपासणी होती. दातांना गुलाबी रंग लावतात, चूळ भरली की जिथे थर आहे तिथेच रंग राहतो. मे महिन्यात लावला होता तेव्हा आरशात बघवत नव्हतं, हिरडीच्या कडेने सलग गुलाबी पट्टी होती. नोव्हेंबरमध्ये पुढचे दात, गालाकडची बाजू स्वच्छ, दाबल्यावर रक्त एकाच ठिकाणी. पण दोन दाढांच्या मधल्या फटीत रंग तसाच गडद, जणू काही केलंच नव्हतं. मला हे बघायला मिळालं ते बरंच झालं. तेल जिथे खेळतं तिथे फरक पडला होता, आणि जिथे दोन दात चिकटून आहेत तिथे तेलही जात नाही आणि ब्रशही. त्यासाठी फटीत घालायचा बारीक ब्रश दिला, वापरायला शिकवला, सहा ब्रशचं पाकीट दीडशेला मिळालं, धुऊन धुऊन एक ब्रश आठवडाभर चालतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये परत गेले. नवीन खड्डा नाही. वरच्या सुळ्याशेजारी हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग होता, खड्डा पडण्याच्या आधीची अवस्था, तो आता गुळगुळीत आणि चकचकीत झालाय, म्हणजे कीड तिथेच थांबली. लाळ परत मोजली, मे महिन्यापेक्षा दुप्पट भरली, अजून कमीच आहे पण दुप्पट. यात तेलाचा वाटा किती, फ्लोराइडचा किती, खडीसाखर सुटली त्याचा किती आणि गोळी कमी झाली तिचा किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही, आणि कुणी "फक्त तेलाने झालं" असं म्हणाल्यास मी तरी ते मान्य करणार नाही. एवढं सांगते की सकाळी तेल केलं की दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटत नाही, वर्गात बोलता येतं, आणि तेवढ्यासाठी मी ते चालू ठेवणार आहे.

दोन वेळचं वार्निश धरून दंत महाविद्यालयाचा सगळा खर्च सहा हजारांच्या थोडा वर गेला, रिक्षा-बस वेगळी. वेळ मात्र भरपूर द्यावा लागतो. नोकरी करणाऱ्यांनी शनिवारच्या तारखा पहिल्याच दिवशी मागून घ्या, त्या लवकर संपतात. वार्निश दर सहा महिन्यांनी आहे, पुढचं ऑगस्ट २०२५ मध्ये होतं. केसपेपर मे २०२५ मध्ये संपणार होता, संपला की तोच जुना नंबर दाखवून नवा करून घ्यायचा म्हणजे मागचे सगळे एक्स-रे त्यातच राहतात, नवीन रुग्ण म्हणून नोंद केली तर सगळं पहिल्यापासून.